नियमाचा शाप होतो तेव्हा : खेळावर बेतलेल्या व्हॅम्पायर कादंबरीची पारख

रोल-प्लेइंग गेमवर बेतलेली व्हॅम्पायर कादंबरी समीक्षेसाठी पुढ्यात येते, तेव्हा तिचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. साहित्याचा जाणकार म्हणतो, हा खेळाच्या विक्रीला जोडून काढलेला माल, याला कसली आली समीक्षा? खेळाडू म्हणतो, तिसऱ्या प्रकरणात नायकाने जी शक्ती वापरली ती त्याच्या कुळाला नियमाप्रमाणे मिळतच नाही, तेव्हा पुस्तक टाकाऊ. पहिल्याने पुस्तक न वाचता निकाल दिला, दुसऱ्याने पुस्तकात नियमावली वाचली. कादंबरी दोघांच्याही हातून निसटली. अशा कादंबरीला लावायचा खरा निकष कोणता आणि तो लावून पाहिला तर काय हाती लागते, हे दोन खेळ आणि त्यांवर बेतलेली तीन पुस्तके घेऊन तपासता येईल.

आधी खेळांविषयी. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे जग, हवामान, शत्रू आणि वाटेत भेटणारी माणसे सगळी त्याच्या तोंडून बोलतात. बाकीचे एकेका पात्राचा तक्ता समोर ठेवून आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात, आणि निर्णय फळला की फसला हे फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने ही पद्धत रूढ केली. त्याच खेळासाठी १९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाचे साहस लिहिले. अवघ्या ३२ पानांच्या त्या पुस्तिकेत बारोव्हिया नावाचे धुक्याने वेढलेले खोरे होते, वर एक किल्ला होता आणि किल्ल्यात काउंट स्ट्राड हा व्हॅम्पायर होता. १९९१ मध्ये व्हाइट वुल्फ या कंपनीने मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड’ आणला. त्यात बाजू उलटली. किल्ल्यात जाऊन व्हॅम्पायरला मारायचे नाही. खेळाडूनेच व्हॅम्पायर व्हायचे, आधुनिक शहरात माणसांपासून लपून राहायचे आणि आपल्यातल्या पशूला आवरायचे.

हा भेद मूल्यमापनासाठी फार कळीचा आहे. पहिल्या खेळातले नियम सांगतात की व्हॅम्पायर मरतो कसा. दुसऱ्यातले नियम सांगतात की व्हॅम्पायर जगतो कसा. त्यामुळे पहिल्या खेळावर कादंबरी लिहिणाऱ्याला एका राक्षसातून माणूस घडवावा लागतो. दुसऱ्या खेळावर लिहिणाऱ्याला माणूस जवळजवळ तयार मिळतो, पण तो एका तक्त्याच्या रूपात. त्याची गोष्ट करायची राहिलेली असते.

आता पूर्वपक्ष. या लेखकाचे स्वतःचे असे काय आहे? जग उसने, पात्रे उसनी, सैतानसुद्धा उसना. आक्षेप ऐकायला जोरकस वाटतो, पण आपल्या परंपरेत तो टिकत नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात या प्रश्नाचा निकाल नवव्या शतकातच लावून ठेवला आहे. परंपरेने आलेल्या कथेत रसाला बाधक असे काही असेल तर कवीने ते सोडावे, रसाला पोषक असे नवे कल्पावे. नुसते इतिवृत्त सांगणे हे कवीचे काम नव्हे. कालिदासाने महाभारतातल्या दुष्यंताला दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी देऊन वाचवले, आणि ते नाटक कोणी उसने म्हणून बाजूला सारले नाही. खाडिलकरांनी विराटपर्वातला कीचक घेतला आणि १९०७ च्या प्रेक्षकाला त्याच्यात लॉर्ड कर्झन दिसला. व्हॅम्पायरच हवा असेल तर नारायण धारपांची ‘लुचाई’ आहे. तिचे मूळ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये आहे हे कळल्यावर मराठी वाचकाने ती वाचायची थांबवली नाही. शिवाय हे खेळ तरी कुठे स्वयंभू? स्ट्राडच्या पाठीशी १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ उभी आहे, तर ‘मॅस्करेड’मधल्या आत्मपरीक्षण करणाऱ्या खिन्न व्हॅम्पायरांवर ॲन राइसच्या १९७६ च्या कादंबरीची छाया आहे. कादंबरीतून खेळ निघाला आणि खेळातून पुन्हा कादंबरी निघाली. उसनवारी एवढ्याच मुद्द्यावर कोणाला बाद करायचे ठरवले तर सगळी रांगच बाद होईल.

पण कालिदासाचा दाखला देऊन सुटताही येत नाही, कारण दाखला एका जागी तुटतो. कालिदासाला कथानक मिळाले होते. खेळावर कादंबरी लिहिणाऱ्याला कथानक मिळत नाही. त्याला नियम मिळतात. खेळ मुद्दामच अपुरा असतो, कारण गोष्ट खेळाडूंनी पुरी करायची असते. ‘रेव्हनलॉफ्ट’च्या मूळ पुस्तिकेत मादाम एव्हा नावाची भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते. कोणते पत्ते निघतात त्यावर जादूची तलवार किल्ल्यात कुठे सापडणार हे ठरते, आणि त्याहून मजेची गोष्ट म्हणजे स्ट्राडला या खेपेस नेमके काय हवे आहे हेही ठरते. खलनायकाचा हेतूच पत्त्यांवर! टेबलावर ही सोय अप्रतिम आहे, कारण तोच किल्ला दुसऱ्यांदा खेळता येतो. कादंबरीत मात्र ज्याचा हेतू पत्त्यांवर ठरतो अशा पात्राला क्षणभरही उभे राहता येणार नाही. मूल्यमापनाचा निकष इथेच मिळतो : खेळाचा नियम कादंबरीत आल्यावर कोणाचा तरी पेच झाला का? नियम फासे टाकण्याची सूचनाच राहिला, की एखाद्या जिवाची कोंडी झाला?

‘मॅस्करेड’मधला एक नियम जवळून पाहू. एका व्हॅम्पायरने दुसऱ्याचे रक्त तीन वेगवेगळ्या रात्री प्यायले की तो रक्तबंधनात अडकतो. पाजणाऱ्याविषयी त्याला प्रेमासारखी, न हटणारी ओढ वाटू लागते. नियमपुस्तकात ही एक यंत्रणा आहे. सामान्य लेखक ती तशीच उचलतो : तिसरी रात्र आली, तो प्यायला, बांधला गेला, पुढचे प्रकरण. नियम पाळला गेला आणि वाया गेला. खरे तर या नियमात कादंबरीकाराने जीव टाकावा अशी जागा तिसरी रात्र नाही, तिच्या आधीचा दिवस आहे. ओढ पहिल्या घोटापासूनच सुरू होते. मग ‘आज जायचे नाही’ असे ठरवूनही पाय तिकडे वळतात ते प्रेमाने की रक्ताने, हे त्या पात्राने कशाच्या आधारावर ओळखायचे? ज्या मनाने निर्णय घ्यायचा तेच मन फितूर झालेले आहे. या प्रश्नावर शंभर पाने लिहिता येतात आणि त्यांत एकदाही नियमाचे नाव घ्यावे लागत नाही.

दुसरा नियम माणुसकीच्या मोजपट्टीचा. शून्य ते दहा अशी ती पट्टी. क्रूर कृत्य करून पश्चात्ताप उरला नाही की आकडा उतरतो, शून्यावर आला की पात्र खेळाडूच्या हातून जाते. खेळाडूला आकडा दिसतो, पात्राला दिसत नाही. कादंबरीला इथे खेळापेक्षा मोठी संधी आहे. एखाद्याची माणुसकी आटत चालली आहे हे त्याला स्वतःला कळू न देता वाचकाला कळवणे हे निवेदनाचे जुने कसब आहे, आणि कोणत्याही तक्त्याला ते जमत नाही. उलट काही नियम गोष्टीत शिरायलाच तयार नसतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या त्या काळच्या आवृत्तीत व्हॅम्पायरच्या नुसत्या स्पर्शाने पात्राच्या दोन लेव्हल जात. टेबलावर यासारखी दहशत नव्हती, कारण महिनोन्‌महिने खेळून मिळवलेले क्षणात गेलेले असे. कादंबरीतल्या माणसाला मात्र लेव्हल नसतात. असा नियम शहाण्या लेखकाने मुकाट्याने सोडून द्यावा. नियमाशी इमान म्हणून त्याला ‘आयुष्याचा काही अंश शोषला गेल्यासारखे वाटले’ वगैरे वाक्यांत कोंबले की दोन्हीकडून नुकसान होते.

इथवरची चर्चा लेखकाच्या कौशल्याची झाली. दुसरी अडचण मालकीची आहे आणि माझ्या मते तीच जास्त अवघड आहे. स्ट्राड हा कंपनीचा ऐवज आहे. उद्या नवे खेळपुस्तक निघायचे आहे, त्यात तो हवा आहे, म्हणून कादंबरीत तो मरू शकत नाही. वाचकालाही हे ठाऊक असते. ज्या भयकथेत राक्षस शेवटी उरणारच हे मुखपृष्ठावरच कळते, तिथे भय कुठून आणायचे? ही अट सुटल्याचेही उदाहरण आहे : २००४ मध्ये व्हाइट वुल्फने आपले जुने जगच संपवायला काढले, तेव्हा ॲरी मार्मेल यांच्या ‘गेहेना : द फायनल नाइट’ला जगबुडी लिहिता आली. पण असा परवाना क्वचित मिळतो. एरवी लेखकाने या अटीचे काय केले, हेच पाहावे लागते.

ख्रिस्टी गोल्डन यांची ‘व्हॅम्पायर ऑफ द मिस्ट्स’ (१९९१) ही रेव्हनलॉफ्ट मालिकेतली पहिली कादंबरी आणि लेखिकेचीही पहिलीच. त्यांनी काढलेली वाट सरळ होती. स्ट्राडला मारता येत नाही ना, मग ज्याला मारता येईल असा दुसरा व्हॅम्पायर आणू. जँडर सनस्टार हा सोनेरी कांतीचा एल्फ, म्हणजे उजेडाशी नाते असलेल्या जमातीतला, आणि व्हॅम्पायर झाल्यामुळे त्याच उजेडाला पारखा झालेला. वॉटरडीप शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात त्याला ॲना भेटते. तिच्या मृत्यूनंतर सूडाने पेटलेला तो धुक्यातून बारोव्हियात पोहोचतो, स्ट्राडचा पाहुणा होतो, आणि ज्याचा सूड घ्यायचा तो आपला यजमानच आहे हे त्याला फार उशिरा उमगते. यातला एक धागा अस्सल आहे. मार्टिन नावाचा पुजारी रक्ताने माखलेल्या या सोनेरी चेहऱ्याला प्रभातदेवतेचे रूप समजून बसला आहे, आणि बारोव्हियात त्या देवाची भक्ती त्या गैरसमजावर उभी आहे. सूर्याला सर्वांत जास्त घाबरणारा जीव सूर्यदेवाची मूर्ती होतो. एल्फ, व्हॅम्पायर, पुजारी, देव ही सगळी खेळातली चौकटीतली नावे. पण इथे त्यांची सांगड अशी बसली आहे की उपरोध आपोआप उगवतो आणि करुणही वाटतो.

पण पुढे पुस्तक घसरते, आणि कुठे घसरते ते बोट ठेवून दाखवता येते. साशा हा पुजारी, लाइसल ही चोरटी मुलगी आणि सोबत जँडर अशी टोळी जमते, तिथून खेळाचा सांगाडा कातडीबाहेर येतो. पुजारी, चोर, लढवय्या ही टेबलावरची नेहमीची मंडळी. टेबलावर प्रत्येक खेळाडूला करायला काहीतरी हवे म्हणून ती लागतात. कादंबरीला अशी कोणतीच सक्ती नसते. व्हॅम्पायरकथा मुळात एकांताची. तिच्यात टोळी शिरली की किल्ल्यातली मोहीम सुरू होते आणि इतका वेळ साचवलेली खिन्नता दाराबाहेर उभी राहते. शेवटी जँडर पहाटेची वाट पाहत बसतो तेव्हा कादंबरी पुन्हा आपल्या सुरात येते. तो शेवट त्याने कमावलेला आहे. पुढे २०१९ च्या ‘डिसेंट इन्टू अव्हर्नस’ या खेळपुस्तकात हाच जँडर नरकातल्या झाडाला ठोकलेल्या अवस्थेत पुन्हा दाखवला गेला. कादंबरीने दिलेले मरण खेळाने अठ्ठावीस वर्षांनी परत घेतले! पण तो दोष कादंबरीच्या खात्यावर मांडायचे कारण नाही. कलाकृती आपल्या शेवटच्या पानापर्यंतच जबाबदार असते.

पी. एन. एलरॉड यांनी ‘आय, स्ट्राड’ (१९९३) मध्ये धरलेली वाट जास्त हुशारीची आहे. त्या मागे गेल्या. व्हॅन रिख्टन हा पिशाचांचा अभ्यासक किल्ल्यात शिरतो, त्याला स्ट्राडने स्वतः लिहिलेली वही सापडते, आणि पुढे स्ट्राडच बोलतो. मूळ साहसातही ‘स्ट्राडचा ग्रंथ’ म्हणून एक वस्तू होतीच. खेळाडूंनी शोधायच्या ऐवजांपैकी ती एक. एलरॉड यांनी त्या वस्तूचीच कादंबरी केली. आता स्ट्राड वाचणार की मरणार हा प्रश्नच गळून पडला. उरला प्रश्न एवढाच, की लढायांत तारुण्य घालवलेला, शिस्तीचा, कर्तबगार सेनापती आपल्या सख्ख्या भावाचा खून त्याच्या लग्नाच्या दिवशी करण्यापर्यंत कसा पोहोचला. माणुसकीच्या पट्टीविषयी वर जे म्हटले ते इथे घडताना दिसते, आणि तेही ज्या खेळात तशी पट्टीच नव्हती त्यावरच्या पुस्तकात. स्ट्राडचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा थंड, कारभारी आणि स्वतःविषयी किंचित हळवा राहतो. त्याचा निष्ठावंत सरदार ॲलेक त्याच्या हातून मरतो, स्ट्राड त्याचे रक्त पितो, आणि हे सांगतानाही सूर हिशेब मांडणाऱ्याचाच असतो. तो सूर बदलत नाही म्हणूनच आपल्याला कळते की काय गेले.

पण या पुस्तकाचे खरे यश मला आणखी एका गोष्टीत दिसते. भावाची वाग्दत्त वधू तात्याना, जिच्यासाठी स्ट्राडने हे सारे केले, ती किल्ल्यावरून खाली धुक्यात झेप घेते. त्यानंतर ती बारोव्हियात पुन्हा पुन्हा नव्या रूपाने जन्म घेते आणि दर वेळी त्याच्या हातून जाते. कादंबरीत मरिना नावाच्या मुलीच्या रूपाने ती भेटते आणि तीही त्याला मिळत नाही. ही कल्पना आली कुठून? मूळ साहसात तात्यानासारखी दिसणारी इरीना आहे, आणि जगभरच्या टेबलांवर ते साहस नव्याने मांडले जाते तेव्हा इरीना नव्याने संकटात येते, स्ट्राड नव्याने तिच्यामागे लागतो, खेळाडू नव्याने किल्ला चढतात. खेळ पुन्हा खेळता यावा ही व्यापारी गरज होती. एलरॉड यांच्या हाती तोच स्ट्राडचा नरकवास झाला. तो मरू शकत नाही, बारोव्हिया सोडू शकत नाही, आणि जे हवे ते मिळवू शकत नाही. ही तिन्ही बंधने कंपनीने आपल्या सोयीसाठी घातलेली होती. कादंबरीने ती पात्राच्या गळ्यात शापासारखी अडकवली. मालकीची अडचण इतक्या पूर्णपणे रसात विरघळल्याचे या प्रकारच्या लेखनात मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

तिसरे उदाहरण उलट बाजूचे. ‘मॅस्करेड’मध्ये व्हॅम्पायरांची तेरा कुळे आहेत, म्हणून व्हाइट वुल्फने १९९९ पासून तेरा कादंबऱ्यांची मालिका काढली, कुळागणिक एक. पहिली स्ट्यूअर्ट वीक यांची ‘टोरिअडॉर’. या कुळाच्या वाट्याला सौंदर्याचा शाप आहे : सुंदर वस्तू समोर आली की भान हरपते, नजर हलत नाही. कथेत अटलांटा शहरातल्या हाय म्युझियम या कलासंग्रहालयात व्हॅम्पायरांचा मेळावा भरतो आणि तिथेच शत्रूचा हल्ला होतो. योजना पाहा : ज्यांना सौंदर्यापुढे हलता येत नाही त्यांची बैठक चित्रे आणि शिल्पे यांच्या मधोमध, आणि दारात मरण. नियमाचा पेच करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. लिओपोल्ड हा शिल्पकार आणि व्हिक्टोरिया ॲश ही यजमानीण या दोघांच्या रेखाटनात वीक यांचा हातही बरा चालतो. पण पेच आवळत आला की पुस्तक संपते, कारण पुढचा धागा दुसऱ्या कुळाच्या पुस्तकाला द्यायचा असतो. उत्पादनाच्या यादीने कादंबरीचा घाट ठरवला. याचा पुरावा खुद्द प्रकाशकानेच दिला : काही वर्षांनी या तेरा पुस्तकांतली प्रकरणे घटनांच्या कालक्रमाने नव्याने लावून त्यांचे चार खंड काढले गेले. जी पुस्तके उसवून पुन्हा अशी शिवता आली, ती मुळात स्वतंत्र कलाकृती नव्हती, असेच म्हणावे लागते.

परिभाषेबद्दल थोडक्यात. कॅमरिला, सॅबाट, प्रिन्स, जनरेशन असे शब्द पानोपानी आले की नवखा वाचक बिचकतो आणि खेळाडू सुखावतो. दोन्ही प्रतिक्रियांना फार महत्त्व देऊ नये. तपासायचे ते एवढेच, की तो शब्द काढून घेतला तर त्या जागी माणसांमधले एखादे नाते उरते का. ‘तो सहाव्या पिढीतला होता’ या वाक्यातून खेळाडूला ताकदीचा आकडा कळतो. तो खोलीत आल्यावर बाकीच्यांनी बोलणे कसे थांबवले, हे लिहिले असेल तर आकड्याची गरज उरत नाही. आणि नियमभंगाची तक्रार घेऊन येणाऱ्या खेळाडूला उत्तर आनंदवर्धनानेच दिलेले आहे. कादंबरीने स्वतः घालून घेतलेला नियम मोडला तर तो दोष. नियमपुस्तकातला रसाच्या आड आला म्हणून मोडला तर ते लेखकाचे कर्तव्य.

या कसोटीवर ‘आय, स्ट्राड’ पहिली येते, आणि कोणत्याही सवलतीशिवाय व्हॅम्पायर-कादंबऱ्यांच्या सर्वसाधारण यादीत बसते. ‘व्हॅम्पायर ऑफ द मिस्ट्स’चा पूर्वार्ध आणि शेवट चांगला, मधली मोहीम सैल. ‘टोरिअडॉर’मध्ये एक उत्तम प्रसंग आहे, पण कादंबरी म्हणून ती अपुरी आहे. ज्यांनी आयुष्यात कधी दहा बाजूंचा फासा हाती धरलेला नाही त्यांनी सुरुवात एलरॉडपासून करावी, आणि तेरा कुळांची मालिका वाचायचीच असेल तर सुटी पुस्तके न जमवता कालक्रमाने लावलेले चार खंड घ्यावेत.